मे महिन्यात सावंतवाडीत चित्रांच्या संध्याकाळी करायच्या म्हणतोय, लोकं येतील का?

सांजवेळ_वाडी

नमस्कार मंडळी. आम्ही सावंतवाडीतले पाच-सहा जण, त्यात दोघं शाळेत कलाशिक्षक, एक मुलगी मुंबईच्या कंपनीचं इलस्ट्रेशनचं काम घरी बसून करते, एक जण बँकेत आहे पण सुट्टीच्या दिवशी मोती तलावाच्या कठड्यावर स्केचबुक घेऊन बसलेला असतो, आणि मी, माझं स्टेशनरीचं दुकान, रंग-ब्रश विकतो पण स्वतःला आंब्याचं पानसुद्धा धड काढता येत नाही. तर आमच्या डोक्यात असं आहे की मे मध्ये चाकरमानी आलेले असतात, पोरांना सुट्टी असते, तेव्हा सलग तीन संध्याकाळी चित्रं लावायची. चितारअळीपासून जवळच एक जुनं घर आहे, ओटी, पडवी, पुढे मोठं खळं म्हणजे अंगण, मालक पुण्याला असतात आणि त्यांनी वापरा म्हणून सांगितलंय. दुसरा पर्याय म्हणजे एक एसी हॉल, भाडं परवडण्यासारखं आहे.

आता आमच्यातच दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते खाण्याचे स्टॉल आणि रात्री ऑर्केस्ट्रा ठेवल्याशिवाय काळं कुत्रंही फिरकणार नाही, दुसरी म्हणते मग चित्रं कशाला लावता, सरळ जत्राच करा. तारीख, जागा, लाईट, पाऊस, विक्री ठेवावी की नको, कोणी असलं काही केलं असेल तर सांगा. बजेट म्हणाल तर वर्गणीच.

ड्रॉइंगमास्तर

भाऊ, मी कुडाळात निवृत्त कलाशिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांची प्रदर्शनं लावण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तारीख. वीस मे नंतर अजिबात नको. कागदावर केरळात मान्सून १ जूनला येतो आणि आपल्याकडे त्यानंतर, पण २०२५ ला काय झालं आठवतंय ना, २४ मेला केरळात आणि २५ ला थेट देवगडापर्यंत. आणि मान्सूनचं सोडा, वळीव तर त्याच्याही आधी. दुपारी आंबोलीच्या अंगाला ढग चढायला लागले की संध्याकाळी नेमका तुमच्या उद्घाटनाच्या वेळेला गडगडाट. त्यामुळे पहिला किंवा दुसरा आठवडा धरा आणि खळ्यात एकही चित्र लावू नका, खळं माणसांना, चित्रं पडवीत आणि ओटीवर.

एसी हॉलच्या मोहात पडू नका. थंड हॉलमधून फ्रेम बाहेरच्या दमट हवेत आणली की काचेवर घाम येतो, आणि चित्र जर काचेला चिकटून असेल तर रंग काचेला लागतो. म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, तेवढी फट राहते. आणि माउंटला कागद चारही बाजूंनी चिकटवणारे लोक मला अजून भेटतात. आपल्या हवेत कागद पाणी पितो, फुगतो, त्याला पसरायला जागा नसली की मधेच पोट काढतो. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदाच्या टेपची बिजागरी करायची आणि बाकी चित्र मोकळं लोंबकळू द्यायचं. सेलोटेप तर नकोच नको, दोन पावसाळ्यांत पिवळा डाग उमटतो तो जन्माचा.

जुनं घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती असणार. चिऱ्यात खिळा मारलात तर भुगा पडत राहील आणि खिळा संध्याकाळपर्यंत हातात येईल, शिवाय मालकाचे शाप. त्यापेक्षा वाशांना आडवा बांबू बांधा आणि त्यावरून मासे धरायची नायलॉनची तंगूस सोडा, मालवणात कुठल्याही जाळ्यांच्या दुकानात मिळते. एका फ्रेमला दोन दोऱ्या, एकीवर टांगलीत तर वारा आला की फ्रेम गिरकी घेते. तंगुसाची गाठ सुटते, जास्तीचे दोन वेढे द्या.

लाईट. मधोमध ट्यूब लावली की बघणाऱ्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. दिवा वरून तिरका पडला पाहिजे, भिंतीशी साधारण तीस अंशात. आणि पिवळसर एलईडी घ्या, पांढरा नको. एक तर डोळ्यांना बरा आणि दुसरं म्हणजे पाखरं. वळवाची एक सर पडून गेली की त्या रात्री वाळवीची पाखरं निघतात, पांढऱ्या दिव्यावर तर झुंडीनं येतात, एकदा आमच्या एका पोरानं ताजं पोस्टर कलरचं चित्र तसंच टेबलावर ठेवलेलं, सकाळी आकाशात पंखच पंख. यावर उपाय जुनाच आहे, खळ्याच्या पार टोकाला एक मोठा पांढरा दिवा लावायचा, खाली पसरट घमेल्यात पाणी, आणि पडवीतले दिवे मंद पिवळे. पाखरं तिकडे जातात, माणसं इकडे.

चाकरमानी_ठाणे

मास्तर, पोस्ट सेव्ह केली.

मी दर मे मध्ये येणारा, त्यामुळे गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहितो. विक्री ठेवाच. आम्ही लोक गावाला आल्यावर काजू, कोकम, आंबापोळी, लाकडी फळं घेतो कारण गावचं काहीतरी घरी न्यायचं असतं, मग चित्र का नाही घेणार? पण कोकणकन्येत परतताना आमच्याबरोबर आंब्याची पेटी, एक फणस, आईने दिलेली पिशवी, झोपलेलं पोर आणि सासूबाई असतात हो. त्यात तीन फुटी फ्रेम कुठे घालू? ए-फोर किंवा त्याहून लहान, फ्रेमशिवाय, माउंट लावून प्लास्टिकच्या पाकिटात, मागे पुठ्ठा. मूळ चित्र पाचशे ते दोन हजारात ठेवा, ज्याला मोठं हवं तो नंतर कुरिअरने मागवेल. आणि प्रिंट असेल तर प्रिंट लिहा, मूळ असेल तर मूळ लिहा, आणि किंमत चित्राखालीच लिहा राव. विचारायला लाज वाटते म्हणून निघून जाणारे माझ्यासारखे खूप असतात.

ऑर्केस्ट्रा मात्र नको. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या महोत्सवात गेलो होतो, नाव घेत नाही, चित्रांचा तंबू बर्फाच्या गोळ्याच्या गाडीच्या मागे आणि जनरेटरच्या शेजारी. आत एक आर्टिस्ट मुलगी एकटीच खुर्चीत बसून मोबाईल बघत होती, बाहेर डीजे. लोक आत यायचे ते पोरांना सावलीत बसवून गोळा खायला. तुमच्या दुसऱ्या पार्टीचं बरोबर आहे.

मुंबईत कुलाबा-काळाघोड्याकडच्या गॅलऱ्या महिन्यातल्या एका गुरुवारी उशिरापर्यंत उघड्या असतात, ऑफिस सुटल्यावर लोक एकीतून दुसरीत चालत जातात. मला त्यातलं हे चालत जाणंच आवडतं. तुमच्याकडे एकाऐवजी दोन-तीन घरांच्या पडव्या मिळाल्या तर बघा ना, जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखे लोक येतील.

खळ्यातलो

मास्तरांनी पाखरांचा सांगल्यानी ता एकदम बरोबर, आमच्या पेल्यात पडतत ती.

पण माझो प्रश्न येगळो. सहा वाजता येतलो कोण? मे म्हयन्यात सहाक ऊन उतरता, तेव्हा बायका पाणी भरतत, बापये सुकत घातलेली काजी गोळा करतत नायतर खयच्या तरी लग्नाक गेलेले. शारातल्यांचा माका म्हायत नाय पण आजूबाजूच्या गावातलो माणूस व्हयो आसात तर आठ नंतरचा बघा, आणि तेका परत जावक गाडी आसा काय ताव बघा. शेवटची एस्टी गेली की बाईक नसलेलो माणूस थयच अडाकलो, मगे तुमची चित्रा उशाक घेवन झोपतलो.

आणि दशावतार ठेवा. थांबा, शिव्या घालू नको, नाटक नको म्हणतंय. रंगपट ठेवा. दशावतारी आपलो मेकअप आपणच करता, समोर आरसो ठेवन मांडी घालून बसता, आधी सगळ्या तोंडार रंग लावन घेता, मगे भिवयो, मगे ओठ, मगे कपाळार गंध, हात जरा हलना नाय. तासाआधी जो बापयो खळ्याच्या पेळेर बसान बिडी ओढी होतो तोच द्रौपदी होवन उठता. ह्या बघूक लोक नाटकाआधी रंगपटात डोकावतत आणि मालक हाकलून घालता. तुम्ही हाकलू नको, बसवा, पोरांका कागद पेन्सिली द्या. वैशाखात तेंचो सीझन संपत येता, एखादो कलाकार मिळात.

लाखकाम

कल्पना चांगली आहे पण एक सांगतो, आमच्या घरात लाकडी खेळण्यांचं काम आहे म्हणून सांगतो. कारागिराला बोलवाल तर मानधन ठरवून बोलवा, पहिल्या फोनवरच. “तुमचं काम लोकांपर्यंत पोचेल” हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या ऐकतायत. पोचलंय. २०२४ ला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफ्याला, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात फोटो आले, हारतुरे झाले, पण तीन संध्याकाळ माणूस तुमच्याकडे बसला की त्याचं त्या तीन दिवसांचं काम बुडतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं, लेथ पडवीत आणायचा विचार करत असाल तर नका करू. पांगाऱ्याचं लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबून धरतात, घासून जी उष्णता होते तिनेच लाख वितळून चढते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात, बघायला फारच छान, पण भुसा उडतो आणि तुमच्या ओल्या चित्रांची वाट लागेल. त्यापेक्षा गंजिफा रंगवणारा कोणी बसवा. हाताच्या तळव्यात मावेल एवढं गोल पान, त्यावर बारीक ब्रशने मासा, कासव, परशुरामाची कुऱ्हाड. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, वजीर आणि एक ते दहा, म्हणजे एकशेवीस पानं एका माणसाने एकेक करून काढलेली असतात. पोरं हे सांगितल्यावर गप्प होतात, मी पाहिलंय. आणि गंमत म्हणजे सगळे गंजिफा फ्रेम करून भिंतीला लावतात, खेळत कोणीच नाही. एक संध्याकाळ खेळायला शिकवा. सत्तरच्या दशकात राजघराण्याने, विशेषतः सत्वशीलादेवींनी लक्ष घातलं नसतं तर काढणाराही उरला नसता, आता निदान खेळणारे तरी तयार करू.

रत्नांग्रीकरीण

आमच्याकडे थिबा पॅलेसच्या आवारात संगीत महोत्सव होतो तो जानेवारीत, गार हवेत, शाल पांघरून. मे मध्ये माणसं घामाघूम असतात हे लक्षात घ्या आणि पंखे, माठातलं पाणी, बसायला बाकडी, कोकम सरबत एवढं ठेवा. एवढंच खाणं पुरे. तेलकट हाताने लोक चित्राला बोट लावून “हे ऑइल पेंट आहे का” विचारतात, आणि मग ते खरंच ऑइल होतं 😄

माझा मुद्दा आहे उद्घाटनाचा. ठेवू नका. हात जोडून सांगते. आमच्या इथल्या एका प्रदर्शनात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुणे, मग पाहुण्यांना कोणी आणलं ते, सगळं होईपर्यंत दीड तास गेला, लोक चहा पिऊन घरी, ज्यांची चित्रं ते मागे खांबाला टेकून उभे आणि एकाही भाषणात एकाही चित्राचा उल्लेख नाही. दार उघडा, दिवे लावा, झालं उद्घाटन.

आणि लोक चित्रासमोर पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाहीत ही तक्रार सगळेच करतात, पण त्यांनी थांबून करायचं काय हे कोणी सांगतं का? तुमच्यापासून जवळच पिंगुळी आहे ना. तिथले ठाकर लोक चित्रकथी करतात, म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्याच्या साथीने गोष्ट सांगत जायचं, रात्री, गावात. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी. म्हणजे संध्याकाळी जमून चित्र बघायची रीत तुमच्या जिल्ह्यात आधीपासून आहे, आणि तिच्यात चित्र कधी एकटं नव्हतं, शेजारी सांगणारा होता. तुम्ही मात्र चित्र लावून त्याखाली “निसर्ग, जलरंग” अशी चिठ्ठी डकवून बाजूला व्हायचं म्हणताय. ज्याने काढलंय त्याला शेजारी उभं करा. कुठे बसून काढलं, कुठला रंग फसला, तो माड खरंच तिथे होता का. ऑर्केस्ट्रा लागणार नाही मग.

देवरुख आणि सावर्ड्याला कला महाविद्यालयं आहेत, तिथल्या मुलांना विचारा, चित्रं पण मिळतील आणि टांगायला हात पण.

ड्रॉइंगमास्तर

ताई, १००% सहमत. आणि सांगण्यासारखं वाडीकडेच किती आहे. चित्रकार सा. ल. हळदणकर १८८२ ला सावंतवाडीत जन्मले. हातात समई घेतलेल्या बाईचं ते चित्र, बोटांच्या फटीतून उजेड लाल दिसतो ते, कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि दहातले नऊ जण राजा रविवर्म्याचं म्हणून ठोकून देतात. ते हळदणकरांचं, आणि तैलरंग नाही, जलरंग. मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. एका संध्याकाळी पोरांना हे सांगा आणि एक समई, एक मुलगी, अंधारी ओटी, काढा म्हणावं. जलरंगात उजेड कागदाचाच असतो, पांढरा रंग लावून तो येत नाही, ही एक गोष्ट जरी चार पोरांना कळली तरी वर्गणी वसूल.

खळ्यातल्यांची रंगपटाची आयडिया मला फार आवडली, फक्त कलाकाराला आधी विचारा, काहींना तोंड रंगवताना कोणी बघितलेलं चालत नाही. आणि मोबाईलचे फ्लॅश बंद.

नियमवाला

थोडं रुक्ष लिहितो. माईक लावणार असाल तर खाजगी खळ्यात असलात तरी पोलीस स्टेशनची परवानगी घ्या आणि रात्री दहाला बंद, मग कोणी कितीही रंगात आलेलं असो. गाणी-गोष्टींना माईक लागतोच असं नाही, पडवीत शंभर माणसांना आवाज पोचतो. वीज घराच्या मीटरवरून घेणार असाल तर बंद घराचं वायरिंग आधी वायरमनला दाखवा, जुन्या घरात ते कधीचं असेल देव जाणे. खांबावरून आकडा टाकू नका, तात्पुरतं कनेक्शन अर्ज करून मिळतं. आणि इन्व्हर्टर ठेवा, वळीव आला की पहिली जाते ती लाईट.

चाकरमानी_ठाणे

लाईट गेली तर समईचं चित्र आपोआप होईल 😂

सांजवेळ_वाडी

बापरे, दुकान उघडायचं राहिलं हे वाचताना. सगळ्यांचे आभार, आणि काल रात्री आमच्या मीटिंगमध्ये हा धागा वाचून दाखवला, ऑर्केस्ट्रा पार्टी दशावताराच्या रंगपटावर फिदा होऊन आमच्यात आली.

तर सध्या ठरलंय ते असं. मे चा दुसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार. जागा तेच जुनं घर, शेजारच्या काकींनी पण त्यांची पडवी देते म्हणून सांगितलंय, अट एकच, तुळशीला धक्का लागता कामा नये. वेळ साडेसहा ते दहा, पण चित्रकथी आणि रंगपट हे आठनंतर. उद्घाटन नाही, त्यावरून एका ज्येष्ठांचा रुसवा झालाय, त्यांना पहिल्या संध्याकाळी हळदणकरांबद्दल बोलायला सांगून मिटवतोय. विक्रीतले वीस टक्के खर्चाला, बाकी ज्याचे त्याला. लाखकाम, तुम्हाला मेसेज केलाय, मानधनाचा आकडा तुम्हीच सांगा, आम्ही घासाघीस करणार नाही. निदान फार नाही.

एक अडलंय. गावाकडच्या लोकांना परत जायला गाडी. रिक्षावाल्यांशी बोललो तर ते रात्री दहानंतरचं भाडं दुप्पट सांगतायत.

खळ्यातलो

रिक्षेक कित्याक जातास. आमच्या वाडीत एकाचो टेम्पो आसा, आंबे खाली करून रात्री रिकामोच परत येता, माडखोल बाजूक. डिझेलाचे पैशे द्या, बोलतंय तेच्याशी. फक्त पाठीमागे बसतल्यांका सांगा, कपडे पांढरे घालू नको, चीक लागता.